सुईवरचं टोपडं

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगाची पायाकडची बाजू उचलून घ्या आन् बाळ होईपर्यंत बाईंनी उठायचं न्हाई. आमी ऱ्हातो चऱ्होलीत. तिथं विटांना काय तोटा? जिकडं बघावं तिकडं बिल्डिंग चाललीय. मी एका वॉचमनकडनं विटा मागून आणल्या आन् पलंगाखाली लावायला बसलो. लावताना हात असा थरथरायला लागला की पलंग बी डुगडुगायला लागला.

बायको म्हणली, "अहो, डॉक्टरनी मला हलू नको सांगितलंय. तुमी तर पलंगासकट हलवायला लागलाव."

ती हसली. मला हसू आलं न्हाई. लग्नाला कितीतरी वर्सं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस गेले व्हते, आन् तिसऱ्या महिन्यातच अंगावरून रक्त गेलं. बाळ हाय, पण पिशवीचं तोंड नाजूक हाय, असं डॉक्टरीणबाई म्हणल्या. नाजूक म्हंजे किती, ह्ये विचारायची माझी हिंमत झाली न्हाई. मी नुसती मान हलवत ऱ्हायलो. बाईंना वाटलं मला समजलं.

मी पहिल्यापासनंच भित्रा. पालीला भितो, लिफ्टला भितो, पाहुण्यांच्या कुत्र्याला भितो. शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यात बी निम्मा वेळ मास्तरच्या भ्यानं गोठ्यात. आन् कामाला लागलो कुठं, तर चाकणला प्रेसशॉपला. पत्रा ठेवायचा आन् दोन्ही हातांनी दोन बाजूची दोन बटणं दाबायची, तवाच वरचा डाय, पत्रा दाबणारा लोखंडी साचा, खाली येतो. एक हात जरी आत ऱ्हायला तर मशीन चालतच न्हाई. मला त्या मशीनचा लई आधार वाटतो. हात कुठं ठेवायचे ते ती सांगते.

घरी आलं की हात मोकळे. मोकळ्या हाताला तंबाखू लागायची. पण बायकोला तंबाखूचा वास आला की उलटी, आन् उलटी झाली की पोटावर ताण. मग तंबाखू सोडली. सोडली म्हंजे मीच सगळ्यांना सांगत सुटलो, "मी सोडली." खरं तर डबी आईनं गटारात टाकली. आई आमची गावाकडनं आली व्हती सुनेचं करायला. गाव काय लांब न्हाई, चाकणच्या पलीकडंच.

आता संध्याकाळी पलंगाशेजारी बसायचं, बायकोच्या पोटाकडं बघायचं आन् बोटं चोळायची. चोळून चोळून तळव्याची सालटं निघाली. खालच्या मजल्यावरच्या काकू बायकोला बघायला आल्या व्हत्या, त्यांच्या मांडीवर कायम विणकाम. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आन् म्हणल्या, "ह्या माणसाच्या हातात काहीतरी द्या, न्हाईतर हा स्वतःलाच सोलून काढील."

तसं माझं विणकाम चालू झालं.

काकू म्हणल्या, नवशिक्यानं जाड लोकर घ्यावी, गुळगुळीत, फिक्या रंगाची, म्हंजे टाके दिसतात. मी पिंपरी कॅम्पात गेलो आन् आणली केसाळ, काळी. "अस्वल विणायचंय का?" काकू म्हणल्या. परत गेलो. सुया मागितल्या तर दुकानदार म्हणला कितव्या नंबरच्या? मी विचार केला, आपला हात जाड, मोठा नंबर बरा. बारा नंबरच्या घेऊन आलो, तर त्या दाभणापेक्षा बी बारीक. सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक व्हते. पत्र्याचं बी तसंच असतं, गेज वाढला की पत्रा पातळ. एवढी वर्सं पत्रा हाताळतोय, पण त्ये डोकं मी कंपनीच्या लॉकरमध्येच ठेवून येतो. शेवटी काकूंनीच त्यांच्या आठ नंबरच्या दिल्या.

पहिलं काम मफलर. नुसते सुलट टाके, जायचं आन् यायचं. सुई टाक्यात घालायची, लोकर गुंडाळायची, ओढून घ्यायची, जुना टाका सोडून द्यायचा. सोडून द्यायला माझं मन धजायचं न्हाई. म्हणून मी एवढा आवळून विणायचो की पुढच्या ओळीला सुई आत शिरायची न्हाई.

"अहो, लोकरीचा गळा दाबताय का?" काकू ओरडायच्या. "सैल सोडा. टाका कुठं पळून जात न्हाई."

मी सैल सोडलं, आन् टाके वाढायला लागले. कुठनं यायचे देव जाणे. मफलर सुरू झाला टायएवढा आन् संपला तवा टॉवेलएवढा. मी तो घालून कंपनीच्या बसमध्ये बसलो. मोशीला ट्रॅफिक तुंबलं की सगळी बस माझ्याकडं वळायची. "भावा, ह्यो मफलर हाय का धोतर?" "राव, वहिनी झोपल्यात म्हणून हा आता अंगणवाडी चालवणार." मी बी हसायचो आन् पिशवीतनं सुया काढायचो. कारण फोन हातात घेतला की वाटायचं, आता वाजंल. सुया वाजत न्हाईत.

आन् त्याच नादात माझ्या हातनं ती चूक झाली.

आमच्यात बाळ व्हायच्या आदी त्याच्यासाठी नवं काही करत न्हाईत. पाळणा न्हाई, झबलं न्हाई, टोपडं तर न्हाईच. आल्यावर बी पहिलं जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळायचं, नवं कापड मागनं. आदीच नवं आणलं की नजर लागते. कुणाची लागते ते कुणीच सांगत न्हाई, म्हणून तर जास्त भ्या वाटतं. ह्ये मला लहानपणापासनं माहीत. पण मफलरनंतर काकूंनी उलट टाका शिकवला, मग टाके कमी कसे करायचे ते शिकवलं, आन् म्हणल्या, ह्याच्यावर आता काहीतरी बारकं करा. मफलरची हळदीच्या रंगाची लोकर उरली व्हती. बारकं म्हणल्यावर माझे हात आपोआप चालले. बसमध्ये, जेवायच्या सुट्टीत, पलंगाशेजारी. वर निमुळतं होत गेलं, आन् मी आपला खुशीत, काय झाक जमलंय म्हणून.

आईनं बघितलं. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं.

"कुणासाठी रं ह्ये?"

तवा कुठं मला दिसलं मी काय विणतोय ते. तोंडाला आलं ते बोललो, "मला."

"तुला?"

मी सुईसकट ते डोक्यावर ठेवलं. नारळावर वाटी पालथी घालावी तसं. एक सुई कानाजवळ लोंबत. बायको पलंगावरनं हसायला लागली, तर आई तिच्यावर खेकसली, "हसू नगंस! पोटावर ताण येतोय." मग माझ्याकडं वळली. "आरं मुडद्या, सातवा लागलाय तिला. आत्ताच टोपडं करतोयस? उसव ते. आत्ताच्या आत्ता उसव."

मी लोकरीचं टोक धरलं. एक ओळ ओढली असती तर सगळं सर्रकन् आलं असतं, लोकरीचं तेच असतं. पण हात पुढं सरकंना. मला वाटलं, ह्ये मी माझ्या हातानं उसवलं आन् तिकडं बी काही उसवलं तर? पूर्ण केलं तरी भ्या, उसवलं तरी भ्या. मी तसाच टोक धरून बसलो. माझ्या डोळ्याला पाणी आलं, आन् ते आईनं बघितलं.

बायको छताकडं बघत बोलली. "आई, त्ये संपलंय कुठं? वरचे टाके सुईवरच हायेत. सुईवर हाय तवर ती लोकर. टोपडं न्हाई झालं आजून."

आईनं वाकून सुईवरचे टाके बघितले. मग म्हणली, "मग सुईवरच ऱ्हाऊ दे. बंद केलंस तर बघ."

तिथनं माझं खरं हाल चालू झालं. टाके बंद न करता विणकाम ठेवलं की त्याला कशाचाच भरोसा न्हाई. सुई निसटली की टाके उघडे, एक टाका गळला की खालपर्यंत शिडी पडते. मी सुईच्या टोकाला खोडरबर टोचलं, वरनं रबरबँड मारला. घरी ठेवलं तर आई केर काढताना ओढील, म्हणून बरोबर घेऊन जायला लागलो, शर्टाच्या आत, बनियनला लावून. चाकणच्या रस्त्याला खड्डा आला की सगळे पुढची सीट धरायचे, मी छाती धरायचो. शेजारचा म्हणला, "राव, हार्टचं काय हाय का?" मी म्हणलं व्हय. ते एका अर्थानं खोटं बी नव्हतं. माझ्या टकुऱ्यात एकच बसलं व्हतं, टाका सुटला तर तिकडं बी सुटंल.

आठवा लागला. आमच्याकडं म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं अवघड. हे मला कुणी सांगायला नको व्हतं, पण गावाकडनं जो येईल तो बसल्या बसल्या सांगून जायचा.

आन् आठव्यातच फोन आला. मी मशीनवर व्हतो, सुपरवायझर स्वतः बोलवायला आला, तवाच मला कळलं. काकू बोलत व्हत्या. कळा सुरू झाल्यात, पिंपरीला हॉस्पिटलात घेऊन निघालोय, तुमी या. मी म्हणलं, "येतो." आन् तिथंच उभा ऱ्हायलो. सुपरवायझरनं मला धरून एका पोराच्या बाइकवर मागं बसवलं. पोरगं जोरात चालवायला लागलं की मी म्हणायचो हळू, हळू चालवायला लागलं की म्हणायचो जोरात. ते शेवटी म्हणलं, "भाऊ, एकतर तुमी चालवा न्हाईतर गप बसा."

हॉस्पिटलात पोचलो. बायकोला आत नेलं व्हतं. बाहेर बाकड्यावर आई बसलेली; काकू घरी जुनी फडकी आणायला गेलेल्या. मी आईजवळ बसलो, छातीला हात लावला, आन् मला सुई टोचली न्हाई. बनियनमध्ये हात घातला. सुई एकीकडं, टोपडं एकीकडं. खोडरबर कुठं पडलं कुणास ठाऊक.

वरचे सगळे टाके उघडे. बारीक बारीक फासे, जरा ताणलं तर आत पळतील असे. एक खाली गेलाच व्हता, त्याच्याखाली शिडी दिसत व्हती.

मला वाटलं, झालं. हातात सुई धरली, तर टाक्यात घालायला जायचो आन् बाकड्याला टोचायचो.

आईनं माझ्याकडं बघितलं, मग टोपड्याकडं. तिला वाटतंय ते बी तेच, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. तिनं टोपडं दोन्ही हातात ताणू न देता धरलं, माझ्या समोर.

"हं. घे. ह्या कडंचा आदी."

मी एक घेतला.

"श्वास घे की. आता ह्यो."

बाकड्यावरची माणसं बघत व्हती. युनिफॉर्ममधला ग्रीस लागलेला बाप्या आन् त्याची म्हातारी, दोघं डोकं जोडून लोकर उचलतायत. आतनं बायकोचा आवाज आला की माझी सुई थांबायची आन् आई म्हणायची, "तिचं ती करतीय. तू तुझं कर." शिडी पडलेला टाका मी काकूंनी शिकवल्यासारखा खालनं एक एक पायरी वर आणला. कसा आणला, आता विचाराल तर सांगता येणार न्हाई.

शेवटचा सुईवर आला आन् दार उघडलं. माझ्या उचलण्यानं उघडलं असं मी म्हणत न्हाई. उघडलं एवढं खरं.

नर्सबाई म्हणल्या, "मुलगी झाली. बारीक हाय लई, पण रडलीय. आई बरी हाय. बाळाला काचेच्या पेटीत ठेवतोय. डोकं उघडं ठेवायचं न्हाई, गारठतं. टोपडं आणलंय का?"

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली, तिच्या भोकात लोकरीचं टोक ओवलं आन् परकरात नाडी घालतात तशी पिन एकेका टाक्यातनं फिरवत नेली. मी मागनं सुई काढून घेत गेलो. टोक ओढलं, तसं वरचं तोंड बटव्यासारखं मिटलं. तेच टोक खाली नेत तिनं मागची कड शिवली आन् दातानं लोकर तोडली. टोपडं झालं.

नर्सबाईंनी हात पुढं केला. आईनं टोपडं मागं घेतलं.

"थांबा बाई. नवं हाय ते."

"आजी, वेळ न्हाई—"

"एवढासा वेळ." आई माझ्याकडं वळली. "वाक खाली."

मी वाकलो. तिनं ते टोपडं माझ्या डोक्यावर ठेवलं आन् तळव्यानं दाबलं. घामानं भिजलेलं माझं डोकं, त्यावर वाटीएवढं पिवळं टोपडं. बाकड्यावरचं एक पोरगं फस्सकन् हसलं. नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला. आतनं रडणं ऐकू येत व्हतं, मांजराच्या पिल्लासारखं, मधेच थांबायचं. थांबलं की माझं काळीज थांबायचं. मी मान हलवली न्हाई, पडंल म्हणून.

"आई," मी खालच्या खाली म्हणलं, "झालं का जुनं?"

"गप," आई म्हणली. तिचा हात आजून माझ्या डोक्यावरच व्हता. "जरा व्हऊ दे."