कोपराचं माप

पिंपरीच्या कारखान्यात लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सहावीतूनच शाळा सुटलेली, गाव लांब बीडकडे, इथे ओळखीचं कुणी नाही. काम मिळाल्याचं इतकं अप्रूप, की रोज फाटकातून आत शिरताना मनातल्या मनात हात जोडायचो. आणि आज परत पाठवतील, ही धास्तीही रोजचीच.

आमची कामाची टेबलं यंत्रांबरोबर परदेशातून आलेली, तिकडच्या उंच माणसांच्या बेताची. आम्ही पायाखाली खोकी घेऊन उभे राहायचो. एकदोघे घसरून पडलेही. तेव्हा आमच्या तरुण साहेबांनी ठरवलं, इथल्या पोरांची मापं घ्यायची आणि त्यावरून नवी टेबलं करायची. त्यांनी हे नीट सांगितलंही होतं. पण टेप दिसला आणि मला आठवली पोलीसभरती. माझा थोरला भाऊ तिथून उंचीत दोन बोटं कमी पडून परत आला होता. साहेबांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला, तसा मी श्वास कोंडला आणि खांदे वर ओढून धरले.

टेबलं करणारे सुतारमिस्त्री मावळातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. नव्या टेबलांवर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे खांदे भरून आले.

"मिस्त्री, उंटांसाठी केलीत काय राव?" एकजण म्हणाला.

साहेब हसले नाहीत. "माप सोडून कापलंत तुम्ही. उद्यापासून दुसरा सुतार बघतो."

"न्हाई साहेब, तुमच्या कागदावर जे माप हाय तेच कापलंय." मिस्त्री एवढंच बोलले आणि हत्यारं गोळा करायला लागले.

बोललो तर गावाची वाट धरावी लागेल, हे दिसत होतं.

"साहेब, त्यांची चूक नाही. माप देताना मी खांदे वर धरले होते."

मग मागून आवाज आला, "मी पण." आणखी एक, "आमी समद्यांनीच, साहेब."

साहेबांनी मापांच्या कागदावर काट मारली. मग त्यांनी खिशातून टेप काढला. "ये. नुसता उभा राहा."

उभा राहिलो, पण खांदे काही खाली येईनात. मिस्त्रींनी हत्यारं खाली ठेवली आणि मागून येऊन दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

"सोड पोरा. कुणी न्हाई धाडत घरी."

ज्यांचं काम माझ्यापायी जात होतं, ते हे सांगत होते. साहेब टेप धरून थांबले. खांदे हळूहळू उतरले.