पुढे धाडलेलं गाऱ्हाणं

परळच्या आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान वडिलांकडून माझ्याकडे आला. ते गिरणीत होते, मी जन्मभर कारकुनी केली. पण गणपतीत देवापुढे नारळ ठेवून मालवणीत मागणं मागायचं ते आमच्याच घराने, आणि मागे उभ्या असलेल्या चाळीने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वडील बजावायचे, “तोंडातसून गेलेलो शब्द परत येना नाय. सांबाळून बोल.”

एका वर्षी मुलीने त्याचं रील केलं. मी नळाला पाणी, जिन्यात दिवा आणि बिल्डरला सद्बुद्धी मागितली होती. लोकांना ते भारी आवडलं. मग दहावीच्या निकालाचं झालं, क्रिकेटचं झालं, मोदक फुटू नयेत म्हणून झालं. देवाला काय दुसरे उद्योग नाहीत? पण मुलीने ऑफिस सोडलं आणि घराची चूल माझ्या तोंडावर पेटू लागली. एकदा मी म्हटलं, पुरे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. “ठीक आहे बाबा, मी परत जॉब शोधते,” एवढंच म्हणाली आणि दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी मुकाट गाऱ्हाण्याची टोपी घातली.

“शेवटी एक पंच हवा,” असा तिचा आग्रह. मीच दीडशहाण्याने तो रचला: “आणि जो कोण ह्यां बघून फुडे धाडूचो नाय, तेका तू बघून घे रे म्हाराजा!” झालं. लालबागच्या बाजारात मिरच्या घ्यायला गेलो तरी मागून कुणीतरी ओरडायचं, “काका, बघून घे!” मी हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

मग बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर, पण त्या सकाळी मला ते फार लांब वाटत होतं. तिला आदल्या दिवशीच दाखल केलं होतं. निघण्याआधी मी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला. शेजारी आपणहून आले, दारात आणि गॅलरीत दाटीने उभे राहिले. फोन कुणाच्याच हातात नव्हता. मुलगी हात जोडून रडत होती.

मी सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू आज टेबलावर जाता हा...” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” “तेका हसता खेळता घराक आण...” “व्हय म्हाराजा.” मला पुढचं काही सुचेना. आणि जीभ, सवयीची गुलाम, आपली आपण वळली: “आणि जो कोण ह्यां बघून फुडे धाडूचो नाय, तेका तू बघून घे रे म्हाराजा!”

चाळ सवयीने गरजली, “व्हय म्हाराजा!” मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी नारळ तसाच ठेवून चपला घातल्या. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ मी बाकड्यावर बसून स्वतःला शिव्या घातल्या. देव माझ्या बायकोलाच बघून घेईल, अशी भीती मला वाटत होती. साठी उलटलेला माणूस मी, पण वाटत होती.

ती सुखरूप घरी आली. झाला प्रकार तिला कुणी सांगितला नाही. पंधरा दिवसांनी मुलगी चाचरत म्हणाली, “बाबा, सगळे आईचं विचारतायत. एक थँक्यूचं गाऱ्हाणं करूया?” मी नाही म्हणणार, तेवढ्यात बायको उशीला टेकूनच म्हणाली, “घाला मगे. देवान ऐकल्यान तुमचा.”

मी टोपी घातली. मुलीने फोन उभा केला. शेवटाला आल्यावर मी अडखळलो, तेव्हा तिने बोटाने खूण केली आणि मी ती ओळ म्हटली. “व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज बायकोचा होता, छातीवर हात धरून.

तेव्हापासून मी रोज देवाची माफी मागतो, मनातल्या मनात. पण तिथे मागे उभं राहून ‘व्हय’ म्हणायला कुणी नसतं.