टँकरचं पाणी कचऱ्याला

मंडळी, आज सकाळी मी भर गल्लीत बोलणी खाल्ली, आणि चूक माझीच होती.

लातूरला आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर आला. सगळ्या घरांच्या ओल्या कचऱ्याचं आम्ही ज्या खड्ड्यात खत करतो, तो उन्हानं पार कोरडा पडलाय. ओल नसली की कचरा कुजत नाही. म्हणून मी माझ्या वाट्याचं अर्धी बादली पाणी त्यात ओतलं.

समोरच्या कलावतीमावशींनी ते पाहिलं. "अगं, माणसाला प्यायला न्हाई अन् तू कचऱ्याला पाजायलीस? बुजव तो खड्डा."

पाणी माझंच होतं, राग आला. पण रांगेतल्या रिकाम्या घागरी दिसल्या आणि बादली उचलून घरात गेले.

दुपारी मावशी स्वतःच दारात. बादलीत चौकातल्या ज्यूसवाल्याकडची टरबुजाची सालं. "हे टाक. ह्याच्यात लई पाणी हाय. टँकरचा थेंब लागायचा न्हाई."

दोघींनी मिळून सालं पसरली, वर वाळला पाला टाकला.

खड्डा बुजणार नाही. उद्यापासून मी बादली घेऊन सालं मागत दारोदार फिरणार आहे. तुमच्या घरची टरबुजाची सालं आज कुठं गेली?