ओठ निळे पडलेत, असं मी सांगितलं

हिंगण्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की लोक आधी मला हाक मारायचे. मी घाबरणारा माणूस आहे हे कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

बायकोच्या पोटातला कॅन्सर पसरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बरं होण्यासारखं काही उरलं नाही, घरीच ठेवा, त्रास कमी राहील एवढं आपण बघू. मी लांब रजा टाकली. मुलगी पुण्याला नोकरीला, ती पंधरा दिवसांनी येऊन जायची. एरवी मनीषनगरच्या घरात आम्ही दोघंच. सोमवारी आणि गुरुवारी, अशा रुग्णांचं घरी येऊन बघणाऱ्या एका संस्थेची सिस्टर स्कूटीवर यायची. दुखण्याचं औषध किती द्यायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, हे सगळं तिनंच मला शिकवलं. निघताना दरवेळी म्हणायची, "काका, मधे काही वाटलं तर फोन करा."

कामाचं मला काही वाटत नसे. अंग पुसायचं, पेज भरवायची, चादर बदलायची. हात चालत राहायचे. भीती वाटायची ती काम संपल्यावर. दुपारी ती झोपली की तिचे डोळे अर्धे उघडे राहायचे. कूलरच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही म्हणून मी कूलर बंद करायचो. ती घामानं भिजायची, मग पुन्हा चालू करायचो. कित्येकदा तिला उगाच हाक मारून जागं केलं.

त्या मंगळवारी दुपारीही तसंच झालं. मी हाक मारली, तिनं "काय जी?" म्हणून डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. तिला काहीही झालेलं नव्हतं. मला मात्र त्या घरात आणखी एक मिनिट एकटं राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी सिस्टरला फोन लावला.

"काका, मी पारडीत आहे," ती म्हणाली. "इथं एका आजीला फार दुखतंय. उद्या सकाळी आले तर चालेल का?"

'चालेल' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही सिस्टर, श्वास लागून राहिला तिले. ओठ निळे पडले."

"निघते मी," ती म्हणाली.

खोलीत आलो तर बायको टक्क जागी होती. दार उघडंच राहिलं होतं.

"माहे ओठ निळे पडले काय?" तिनं विचारलं.

मी तिच्या पायावरची चादर नीट करू लागलो.

"खोटं काहून बोलले जी? कुठून येईन ते पोरगी एवढ्या उन्हात. सांगून द्या तिले, येऊ नको म्हणा."

मी फोन हातात घेतला. ती बघत होती. नंबर समोर होता, पण माझं बोट काही हललं नाही. थोड्या वेळानं तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला स्वतःहून कूस बदलता येत नसे, म्हणून फक्त मान वळवली.

सिस्टर आली ती घामानं निथळत. स्कार्फही न सोडता तिनं बायकोच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, छाती तपासली. आकडा चांगला होता, ओठही नेहमीसारखेच. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो.

तेवढ्यात बायको म्हणाली, "मघा दम लागला होता. आता बरं वाटून राहिलं." आणि दोन-तीन श्वास मुद्दाम जोरात घेतले.

जिला पाण्याचा घोट गिळायलाही जीव एकवटावा लागायचा, ती माझी अब्रू राखायला दम लागल्याचं सोंग करत होती. त्या क्षणी कोणी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सिस्टरचा फोन वाजला. पारडीहून होता. आजींची सून इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं. दिलेलं औषध उलटीत पडून गेलं होतं, म्हातारी विव्हळत होती. सिस्टरनं तिला काय करायचं ते सांगितलं, अर्धा ग्लास पाणी प्यायली आणि उठली. दाराशी हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. ओठ निळे होते?"

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी चहा चमच्यानं पाजताना बायको म्हणाली, "तुमाले भेव वाटते काय?"

"वाटते."

"मंग मले सांगाचं. मी हाये ना अजून."

गुरुवारी सिस्टर आली. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही. जाताना मात्र म्हणाली, "काका, भीती वाटली तर भीती वाटते असंच सांगा. त्यासाठीही येईन मी. फक्त कोणाकडे आधी जायचं, ते मला नीट ठरवू द्या." मी मान हलवली. माफी मागायची ठरवून बसलो होतो, ती तोंडातून निघाली नाही.

त्यानंतर भीती वाटली की मी तसंच सांगून फोन करू लागलो. ती कधी यायची, बरेचदा नुसतं दहा मिनिटं बोलायची, आणि तेवढ्यानं मी परत जाऊन बायकोशेजारी बसू शकायचो. महिन्याभरानं एका सकाळी बायको गेली. मुलगी जवळ होती, मीही होतो.

पुढे काही महिन्यांनी सिस्टरच्या संस्थेनं अशा घरांतल्या माणसांना चहापाण्याला एकत्र बोलावलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर चाळिशीची एक बाई होती. सासूचं केलं म्हणाली, पारडीला राहते. मी सावरून बसलो.

"एक दिवस सिस्टर आमच्या घरून मधातच उठून गेली," ती सांगू लागली. "कोणाचा तरी श्वास लागला होता म्हणे. माही सासू दोन तास नुसती कण्हत होती. मले लय राग आला. मंग म्हटलं, त्या घरचं माणूस माह्याहून जास्त अडचणीत असन. वाचलं काय नाही, कोण जाणे."

"वाचलं असन," मी म्हणालो.

"बरं झालं मंग," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

दोन दिवसांनी मी सिस्टरला फोन करून सगळं सांगितलं, दाराशी म्हटलेल्या 'हो'सकट. "मला तेव्हाच कळलं होतं, काका," ती म्हणाली. मी विचारलं, त्या बाईला जाऊन सांगू का? ती म्हणाली, "पत्ता मला देता येणार नाही. पण तुमचा निरोप असेल तर पोचवीन. काय सांगायचं ते मला सांगा."

विचार करून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही.