आईचीच आधी लागते

दर शनिवारी तिन्हीसांजेला आमच्या फुलपाड्याच्या घरात मुलीची दृष्ट काढली जायची. मी तिला मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून पाटावर बसायचे आणि सासूबाई मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन तिच्यावरून हात ओवाळायच्या. ओवाळताना पुटपुटणं चालू असायचं. "आईची, बापाची, आल्याची, गेल्याची, जिन्यावरच्यांची, रस्त्यावरच्यांची, कुत्र्याची, मांजराची, ज्या कोनाची लागली असेल ती जळून जाऊ दे." मग गॅसवर तापलेल्या जुन्या तव्यावर मूठ रिकामी व्हायची आणि सगळा मजला खोकायला लागायचा. खोकला आला तर दृष्ट लागलेलीच नव्हती, आणि मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर कुणाची तरी सणसणीत लागली होती, असं त्यांचं शास्त्र. ठसका बहुतेक वेळा लागायचाच, आणि मग त्या जराशा नाराज व्हायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दृष्टबिष्ट काही नसते हे मी सातवीच्या पोरांना दरवर्षी खडसावून सांगते. सासूबाईंनाही सुरुवातीला सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ते तुझ्या शाळेत सांग." त्यांचं सगळं आयुष्य वसईच्या खाडीकाठच्या गावात, भातशेतीत गेलेलं, नातीसाठी म्हणून त्या आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. माहेरी वहिनीचेही दिवस भरत आले होते, म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं. घरात शांतता हवी असेल तर आठवड्यातून एकदा खोकायला माझी हरकत नव्हती. मला टोचायचं ते वेगळंच. त्या पुटपुटण्यात पहिला नंबर माझा असायचा.

दृष्ट लागते ती कौतुकानं बघणाऱ्याची, एवढं मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. जो डोळे भरून बघतो त्याची. आणि मी तर बघतच नव्हते. दर शनिवारी माझ्यावर एक आरोप व्हायचा आणि तो खोटा आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. खोट्या आरोपाचा माणसाला राग येतो. मला लाज वाटायची.

मुलगी झाली तेव्हा भर पावसाळा होता. नर्सनं तिला माझ्याजवळ आणलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता ही रडेल, आता हिला भरून येईल. मला भूक लागली होती. मी विचारलं, "काही खायला मिळेल का?" नवरा हसला, सासूबाई हसल्या, नर्सही हसली. पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला ती गोष्ट सांगून सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मला आतून माहीत होतं की भुकेच्या मागे दुसरं काही नव्हतंच. एक लालबुंद, सुरकुतलेलं पोर माझ्याशेजारी ठेवलं होतं आणि आता ते माझ्या अंगावरचं काम होतं.

काम मी चोख केलं. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. अंगावर पाजलं, ढेकर काढली, लस चुकवली नाही, नखं कापली, कानामागची घाण कापसानं पुसली. गुटीत मध घालायचा की नाही यावरून सासूबाईंशी तोंड भरून भांडले आणि जिंकले. लंगोट किती घट्ट बांधायचा यावरूनही भांडले. लोक म्हणायचे, बाई किती करते मुलीचं! करत होतेच. वही तपासावी तशी मी तिला तपासत होते. मानेला पुरळ आहे का, टाळू खोल गेली नाही ना, शी हिरवी का झाली. तपासून झालं की वही बाजूला ठेवायची.

सासूबाई मात्र तिला पायावर घेऊन नुसत्या बघत बसायच्या. कूकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, त्यांना पत्ता नसायचा. नवरा मुंबईहून दमून यायचा, हातपाय धुवायचा आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून तसाच उभा राहायचा. "अगं, बघ ना, झोपेत हसतेय," म्हणायचा. मी स्वयंपाकघरातून "हो का" म्हणायचे. जाऊन बघायला कितीसा वेळ लागला असता? पण मला भीती वाटायची. जाऊन बघितलं आणि तरीही काही झालं नाही तर काय करायचं?

सहा महिन्यांची रजा संपली आणि मी शाळेत गेले. इतर आया रडत रडत कामावर जातात म्हणे. मी साडीच्या निऱ्या घातल्या आणि मला इतकं हलकं वाटलं की आरशात स्वतःकडे बघवेना. मधल्या सुट्टीत डबा गरम असताना, दोन्ही हात मोकळे ठेवून जेवले. सगळ्या बाई भोवती जमल्या. "फोटो दाखव ना गं!" मी मोबाईल काढला आणि फोटो वर सरकवायला लागले. मानेवरचं पुरळ. लस दिलेल्या जागेची सूज, जवळून. हिरवी शी. पुन्हा पुरळ, दुसऱ्या दिवशीचं. सगळे डॉक्टरांना दाखवायला काढलेले. तिचा चेहरा कुठेच नव्हता. मी नेट चालत नाही असं काहीतरी पुटपुटले आणि शेवटी नवऱ्याच्या स्टेटसवरचा फोटो उघडून दाखवला. "अगदी तुझे डोळे!" असं कुणीतरी म्हणालं. मी पटकन मोबाईल पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी घरी येताना मी वाट वाकडी करून बाजारात गेले. घरात भाजी होती, तरी मेथी निवडून निवडून घेतली. कळंबची कोळीण सुकट घेऊन बसली होती, तिच्याशी उगाच घासाघीस केली. पोरगी दुधासाठी वाट बघत असणार हे माहीत होतं. पदराखाली दूध दाटून दुखायला लागलं तेव्हा कुठे रिक्षा केली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी माझा ताबा सुटला. "आईची" असं त्यांच्या तोंडून आलं आणि मी एकदम म्हणाले, "आई, माझं नाव वगळा. माझी नाही लागत."

सासूबाईंचा हात थांबला. दृष्ट काढताना मध्ये बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "आईचीच आधी लागते," त्या तिरसटून म्हणाल्या. "तिच्यासारखं कोन बघनार? गप बस, सगळं पहिल्यापासून म्हनावं लागंल." आणि त्यांनी खरंच पहिल्यापासून सुरू केलं. आईची, बापाची. मी मान खाली घातली. मांडीवरची पोरगी माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालून चघळत होती. मी वाटी सोडवून घेतली आणि तिची लाळ पुसली.

हे कुणाजवळ बोलणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो घाबरला असता. आईला फोनवर एकदा विचारलं, "तुला मी झाल्या झाल्या आवडले होते का?" ती म्हणाली, "असं काय विचारतेस? बरं वाटत नाही का?" मी विषय बदलला.

मग मे महिना आला. शाळेला सुट्टी लागली. गावात कुणाची तरी हळद होती म्हणून सासूबाई सकाळीच गेल्या. नवरा कामावर. दिवसभर घरात मी आणि ती दोघीच, असं पहिल्यांदाच होत होतं. जाताना सासूबाईंनी मला इतक्या सूचना दिल्या की मी जणू समोरच्या घरातून पोर सांभाळायला आले होते. मला राग आला, पण त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

दुपारी वीज गेली. फुलपाड्यात मे महिन्यात वीज गेली की भिंतीसुद्धा अंगावर येतात. मी तिचं झबलं काढलं, गार लादीवर बसवलं आणि स्वतःही बसले. नवऱ्यानं आदल्या दिवशी ताडगोळे आणले होते. मी एक सोलला, आणि ती हात पुढे करायला लागली म्हणून अर्धा तिच्यासमोर लादीवर ठेवला.

तिनं तो धरला. तो निसटला. ती त्याच्यामागे रांगत गेली, पुन्हा धरला, पुन्हा निसटून कपाटाकडे गेला. दुसरं कुठलंही पोर रडलं असतं. ही रडली नाही. ती बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या ताडगोळ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. मग हळूच पुढे झाली, तळहात पालथा घालून त्याला दाबून धरलं, आणि दाबलेलाच लादीवरून घसटत माझ्यापर्यंत घेऊन आली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. माझ्यासमोर येऊन तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या तोंडाला लावला.

मी खाल्ला. धूळ, लाळ, सगळ्यासकट. तिनं माझं तोंड हलताना नीट बघून घेतलं, आणि हसली.

मी दुसरा सोलला. मग तिसरा. तेही असेच लादीवरून फिरले, अर्धे तिच्या पोटात गेले. तिला नंतर लगेच झोप आली, तिथेच, लादीवर, एक गाल खाली टेकून. मी तिला उचललं नाही. तिच्या डाव्या भुवईत एक छोटासा भोवरा आहे, केस उलटे फिरलेले. तो मला त्या दिवशी दिसला. जन्मापासून असणार. तिचे कान माझ्या वडिलांसारखे बाहेर आलेले आहेत. झोपेत ती खालचा ओठ चोखते आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखं थांबते. तिला ताप नव्हता, पुरळ नव्हतं, बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी बघत राहिले. वीज आली, पंखा फिरायला लागला. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडलं. चहाची वेळ टळून गेली आणि मला उठावंसं वाटलं नाही.

रात्रीपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी जुलाब, अंगात कणकण. तिचा चेहरा एका रात्रीत एवढासा झाला. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, लादीवरचा ताडगोळा, धूळ, सगळं. ते म्हणाले, पोट बिघडलंय, मिठासाखरेच्या पाण्याची पुडी देत राहा, दूध सुरू ठेवा, दोन दिवसांत बरी होईल. मला कुणीतरी दोन थोबाडीत ठेवून द्यायला हव्या होत्या. इतके महिने सगळं उकळून, गाळून, पुसून दिलं, आणि ज्या एका दुपारी मला ती आवडली त्याच दुपारी मी तिला आजारी पाडलं.

सासूबाई धावत आल्या. त्यांनाही मी कबूल केलं. त्यांनी ते उडवूनच लावलं. "ताडगोळ्यानं कोनाला काय होतंय? आमची पोरं ताडाखालीच वाढली." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "ती समोरची काल जिन्यात काय बोलली पोरीला?"

समोरच्या काकू काल सकाळी तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या होत्या, काय गुटगुटीत झालीय. हे सासूबाईंच्या कानावर गेलं होतं. आता काही काकूंची धडगत नव्हती. त्यांच्याकडून येणारी मूठभर कोथिंबीर, त्यांच्याशी संध्याकाळच्या गप्पा, सगळं बंद होणार. तळमजल्यावरच्या बाईंशी असंच एकदा कायमचं बंद झालं होतं.

त्या दिवशी शनिवार नव्हता, तरी पाट मांडला गेला. मी तिला मांडीवर घेऊन बसले. मान माझ्या दंडावर टाकून ती मलूल पडून होती. "आईची, बापाची," सासूबाईंनी सुरू केलं. मी पहिल्यांदाच मान वर ठेवून ऐकलं. त्यांनी मूठ तव्यावर टाकली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, आणि कुणालाच ठसका लागला नाही.

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर वारा सुटला होता. मला ते दिसत होतं.

"बघ!" सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "लागलीच होती. त्या समोरचीची, दुसरी कोनाची नाही."

"त्यांची नाही, आई," मी म्हणाले. "माझी लागली."

"तुझी?"

"काल दुपारभर बघत होते तिच्याकडे. झोपली होती तरी बघत होते."

वाटलं, त्या हसतील, किंवा जवळ येऊन डोक्यावरून हात फिरवतील. त्या भडकल्याच. झोपलेल्या पोराकडे असं टक लावून बघतात का, एवढी शिकलेली तू, तुला आईनं काही सांगितलं नाही का, गालाला तीट तरी लावली होतीस का, पोरगी केवढीशी झाली बघ. बोलता बोलता त्यांनी काजळाची डबी आणली आणि तिच्या गालाला, तळपायाला, कानामागे फासफासून काजळ लावलं. "परत असं बघायचं नाही," मला बजावलं.

"नाही बघणार," मी म्हणाले.

त्या तवा घासायला आत गेल्या, तिथूनही त्यांचं रागावणं चालूच होतं. माझ्या मांडीवर पोरीचा डोळा लागला होता, ती खालचा ओठ चोखत होती. मी तिच्याकडेच बघत होते.