रिकामा रकाना

ऑफिसात तिला सगळे रकानेबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत एसी कायम जास्त आणि उजेड कायम कमी असे, आणि तिचं टेबल खिडकीपासून सगळ्यात दूर होतं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, व्यायामशाळांच्या गिऱ्हाइकांची माहिती तिच्याकडे साध्या टेक्स्ट फायलींतून येई. एका ओळीत एक माणूस: नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, काय विकत घेतलं, सगळं स्वल्पविरामांनी तोडलेलं. बाई ती फाइल संगणकातल्या टेबलात ओतायची, प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात बसवायची, आणि मग मशीन ज्याला त्याला नावानिशी गोड गोड मेसेज पाठवायचं. जसा काही दुकानदार रात्रभर त्याच एका गिऱ्हाइकाच्या आठवणीने तळमळत होता.

काम दिसायला सोपं, पण हात घातला की कळतं. पत्त्यात एखादा जास्तीचा स्वल्पविराम आला की पुढचं सगळं एकेक घर सरकतं. तिच्या आधीच्या माणसाच्या हातून तसं झालं आणि शहरभर 'प्रिय फ्लॅट नंबर सहा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असे मेसेज गेले. फ्लॅट नंबर सहाने काही तक्रार केली नाही, पण दुकानदाराने केली, आणि त्या माणसाला नारळ मिळाला.

साहेबांना एकच वेड होतं. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. "रिकामा रकाना म्हणजे हातचं गिऱ्हाईक गेलं," असं ते उठताबसता म्हणत. त्यावर तोड काढली ती बाईनेच. फोन नसेल तर जुन्या टेबलात तोच माणूस शोधायचा आणि तिथला नंबर उचलून इथे भरायचा. तोच माणूस कसा ओळखायचा? बायकांची आडनावं लग्नात बदलतात, कधी परतही बदलतात, म्हणून आडनाव बघायचंच नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली, आणि तशी एकच नोंद सापडली, की झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. बाई त्या दिवशी घरी गेली ती हवेत तरंगतच.

घरी तशी वाट बघणारं कुणी नव्हतं. तिचं माणूस म्हणजे एकटी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. बाईने तिला लेकीसारखी वाढवली आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. धाकटीचं मात्र हौसेने करून दिलं. नवरा दिसायला लाखात एक, बोलायला मध. आवाज कधी चढला नाही त्याचा. हळू आवाजातच तो सांगायचा की बाहेर जायचं नाही, आणि दाराला बाहेरून कुलूप लावायचा. एकदा तसंच हळू आवाजात समजावता समजावता त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं. घरात मिक्सरपासून कपाटापर्यंत जे काही धाकटीच्या नावाने घेतलं होतं, त्या प्रत्येक नावापुढे फोन नंबर त्याचा असे.

शेवटी एका दुपारी ती नेसत्या कपड्यानिशी बाहेर पडली. बाईने तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली बघून दिली, माहेरचं आडनाव लावायला सांगितलं आणि बजावलं, "फोन नंबर कुणाला म्हणून द्यायचा नाही. दुकानात विचारलं तर रिकामं सोडायचं." धाकटीने शब्द पाळला.

त्यानंतर धाकटीचा नवरा बाईकडे येऊन गेला. चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, पाणी प्यायला, पेला परत आत नेऊन ठेवला.

"ताई, मी रागावलेलो नाही. ती कुठे आहे एवढंच सांगा."

बाईने कानावर हात ठेवले.

"हरकत नाही," तो म्हणाला. "शहर केवढंसं ते! आज ना उद्या सापडेल." तो जिना उतरून गेल्यावरही बाई कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभी होती.

मग घरगुती वस्तूंच्या एका मोठ्या दुकानाची फाइल आली. बाईने ओळी वाचल्या नाहीत. ती ओळी कधीच वाचत नसे, रकाने तेवढे बघे. तारखा तारखांत बसल्या, पत्ते पत्त्यांत. फोनच्या रकान्यात भोकं होती, ती तिच्या युक्तीने भराभर बुजली. सकाळी मेसेज सुटले: 'नमस्कार! तुमची नवी वस्तू कशी चालली आहे? आमचा माणूस मोफत तपासणीला खालील पत्त्यावर येईल. पत्ता बरोबर आहे ना?' वर गिऱ्हाइकाचं नाव, आणि खाली पत्ता, मजल्यासकट.

दुपारी डबा खाऊन ती उत्तरं चाळायला बसली. हो. बरोबर. कोण तुम्ही? परत मेसेज पाठवू नका. मग नुकतंच आलेलं एक: 'माणूस पाठवायची तसदी घेऊ नका. मी स्वतःच जातोय. आभारी आहे.'

तिला हसू आलं. कोण हा सज्जन म्हणून तिने नाव बघितलं. नाव धाकटीचं होतं. वस्तू, शिलाई मशीन. पत्ता, तिनेच बघून दिलेली खोली. फोन त्याचा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं आहे. जमीन होती तिथेच होती, एसी घरघरत होता, शेजारच्या टेबलावर कुणीतरी खिदळत होतं. फक्त आपण काय करून बसलो हे तिला लख्ख दिसलं. धाकटीने जपून रिकामं सोडलं होतं. भरलं होतं तिने.

फोन लावला. वाजत राहिला. पर्स उचलून ती धावली तेव्हा साहेब म्हणाले, "रकानेबाई, संध्याकाळची फाइल?"

"खड्ड्यात घाला," बाई म्हणाली. तिच्या तोंडून असं काही ऑफिसने कधी ऐकलं नव्हतं.

टॅक्सीत ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती. आरशात तिचा चेहरा बघून ड्रायव्हरने वेग वाढवला. जिन्यातच तिला मशीनचा आवाज आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. धाकटी पाठमोरी बसून उशांचे अभ्रे शिवत होती. त्या घरघरीत फोन ऐकू जाणार कसा?

"ऊठ. त्याला पत्ता कळलाय. निघालाय तो."

धाकटीने पायाखालचं पेडल सोडलं. "कसा कळला?"

"माझ्याकडून. माझ्या कामातून गेला. पोलिसांत जाऊ या का आपण?"

"मागच्या वेळी त्यांनी त्यालाच खुर्ची दिली होती, ताई." ती रडली नाही, ओरडली नाही. पलंगाखालची पिशवी ओढली. पिशवी भरलेलीच होती. या खोलीत ती एवढे दिवस कशी झोपत असेल, हे बाईला तेव्हा कळलं.

"खाली टॅक्सी थांबवलीय. चल, मी पण येते."

"नको. तुझ्या मागून तो येईल."

"निदान कुठे जातेस ते तरी सांग."

धाकटीने तिला घट्ट मिठी मारली. "नाही सांगणार. तुला माहीतच नसलं तर तुझ्या हातून कुठे जाणारही नाही." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते शब्द बाईच्या काळजात खोल गेले. खाली टॅक्सीचं दार लागलं. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी जाऊन खोळंबली, हॉर्न वाजत होते.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा बाई अजून खोलीच्या मधोमध उभी होती. पावलांना घाई नव्हती.

"अरे, ताई!" तो दारात हसत उभा राहिला. "तुम्ही इथे? म्हणजे मी योग्य जागी आलो. कुठे आहे ती?"

बाहेर हॉर्न अजून वाजतच होते. टॅक्सी मोठ्या रस्त्यालाही लागली नव्हती.

"दोरे आणायला गेलीय," बाई म्हणाली. "येईलच एवढ्यात. या ना, बसा."

तो आत आला. मशीनजवळच्या स्टुलावर बसला, चाकावर हात ठेवून त्याने ते हळूच फिरवलं. सुई अभ्र्यात शिरली आणि वर आली. "छान आहे मशीन," तो म्हणाला.

बाईने दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग ती त्याच्यासमोर पलंगाच्या काठावर बसली.

"तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत हो आता?" तिने विचारलं. "सगळं सविस्तर सांगा बघू."