बसूअण्णांचा कान

बसूअण्णा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ठोकून बघत. मंडईत कलिंगड सगळेच ठोकतात, पण यांच्या तावडीतून चहाचा कप, देवळातली समई, पाहुण्यांच्या घरचा तांब्या, काहीच सुटत नसे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाकडच्यांनी पाणी पुढं केलं. यांनी तांब्याला टिचकी मारली आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "फुटका झाळून डाग दिलेला हाय की ह्यो." यजमान म्हणाले, नवा आहे. तेवढ्यावरून ते स्थळ मोडलं. मी नंतर छेडलं तर म्हणाले, "डाग असू दे की तम्मा, कुणाच्या घरात न्हाई? पण नवा हाय म्हणून कशाला सांगायचं? लोखंड-तांबं खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतोय."

मूळ नाव बसाप्पा; वयानं धाकट्या प्रत्येकाला ते तम्मा म्हणत, कानडीत धाकटा भाऊ. गाव गडहिंग्लजच्याही पलीकडचं, घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिथं फक्त टर्बोच्या गाड्या दुरुस्त होत. मी जवळच्या फौंड्रीत सुपरवायझर. संध्याकाळी सुटलो की त्यांच्याकडं चहाला थांबायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता. ओळखही ठोकाठोकीनंच झाली होती. आमच्या इन्स्पेक्शनमधून पास झालेला एक ओतीव जॉब मी हातात घेऊन चाललो होतो. त्यांनी थांबवून त्यावर स्क्रूड्रायव्हर वाजवला आणि म्हणाले, "पावणं, आत चीर हाय." मी हसलो. कापून बघितलं तर चीर होती.

गारगोटीचे देसाई सर त्यांच्याकडं आले ते वीस वर्षं जुनी टर्बो गाडी घेऊन. सर शाळेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या मुलाची होती आणि मुलगा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता. सरांनी मुलाच्या खोलीला कुलूप लावलं, पण गाडी चालू ठेवली. दर रविवारी गारगोटीहून कोल्हापूरला यायचं, भाजी घ्यायची, परत जायचं. आता गाडी चढाला दम टाकायला लागली होती. अण्णांनी बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं, "येस्टगेट गेलंय."

सरांना कळलं नाही, तेव्हा अण्णांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं. "इंजनाच्या धुरावर पंखा फिरतोय, त्यो आत जादा हवा कोंबतोय. ह्यो झाला टर्बो. दाब लई झाला की धूर बाजूनं सोडून द्यायला एक झडप असती. कुकरच्या शिट्टीगत. ती तुमची गळती हाय. जुन्यापरास दणकट बसवूया, घाट हसत चढंल." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तम्मा, मुंबईला फोन लाव. पार्ट इकत घ्यायचा. हितं वतायचा न्हाई. त्या आगीम्होरं आपलं लोखंड टिकत न्हाई."

मी ऑर्डर दिली. झडप उघडणारी डबी आठवड्यात आली, पण झडप आणि तिची ओतीव बैठक काही येईना. आज निघेल, उद्या निघेल. सरांचा दर रविवारी फोन. आता कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला अमुक तुम्हाला जमायचं नाही म्हणणं म्हणजे तालमीतल्या गड्याला घरी बस म्हणण्यासारखं आहे. अख्ख्या देशाच्या गाड्यांना आम्ही लोखंड पुरवतो आणि हा हाताएवढा तुकडा मुंबईहून मागवायचा? मी जुन्या पार्टवरून साचा केला. त्या दिवशी भट्टीत साधं लोखंड होतं, तेच ओतलं. घासून-पुसून खोक्यात घातलं, वर चिकटपट्टी मारली आणि अण्णांना नेऊन दिलं. म्हणालो, "आला बघा मुंबईहून."

अण्णांनी ठोकलं. एकदा, मग पुन्हा. "आवाज बसका हाय की रं."

"नवीन कंपनी आहे, अण्णा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पार्ट बसवला.

महिनाभर गाडी छान पळाली. मग सर कोकणात एका लग्नाला गेले आणि परतताना फोंड्याचा घाट चढताना गाडी बसली. तापून तापून माझं लोखंड फुगलं होतं, झडप बंदच्या बंद अडकली होती, दाब सुटायला वाट राहिली नव्हती. पिस्टन जळाले, ब्लॉकला तडा गेला. त्या जुन्या गाडीचा ब्लॉक कुठंच मिळेना. टेम्पोत घालून गाडी शेडसमोर आणली, तेव्हा सर ओरडले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "बसाप्पा, असं कसं झालं हो?"

मी तिथंच उभा होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. अण्णांनी हातातली फुगलेली झडप बघितली आणि म्हणाले, "माझ्या हातनं चूक झाली, सर. पार्ट ठोकून घ्यायचा इसरलो."

आयुष्यभर जे कधी विसरले नाहीत, ते विसरलो म्हणून त्यांनी सांगितलं. मी चहा संपवला आणि घरी गेलो. गाडी भंगारात गेली. सर रविवारचे येईनासे झाले. ठोकून घेणारा बसाप्पा ठोकायला विसरला, ही गोष्ट एमआयडीसीत पसरायला वेळ लागला नाही आणि शेडसमोरच्या गाड्या कमी झाल्या. मला जास्त लागलं ते वेगळंच. एकदा मंडईत मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी कलिंगड उचललं आणि न ठोकता पिशवीत टाकलं.

दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले. कसबा बावड्यात त्यांच्या घरी मी भेटायला गेलो. सगळं घर कामात होतं, खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "अण्णा, तो पार्ट..."

"तुझाच हुता. ठोकला तवाच कळलं हुतं."

"मग बसवलात कशाला?"

"तू म्हनलास न्हवं, मुंबईचा हाय." धाप लागली म्हणून थांबले. "वीस वरसं माझ्यासंगं च्या पितोस. माझ्या कानापरास तुझ्या तोंडाचं ऐकलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "मी सरांना सांगतो. खरं काय ते सांगतो."

"सांग की," ते म्हणाले. "म्या कुठं नगो म्हनलंय?"

त्यानंतर ते दीड महिना होते. त्या दीड महिन्यात मी दोनदा गारगोटीला कामानं गेलो आणि दोन्ही वेळा सरांच्या गल्लीच्या तोंडावरून परतलो.

अण्णांच्या मातीला सर आले होते. अण्णांना त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवलेलं होतं, कपाळाला विभूती, मान जराशी डावीकडं कललेली. पार्ट ठोकताना ती तशीच कलायची. सर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी बेलाचं पान वाहिलं, मूठभर माती टाकली आणि हात झटकत हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. आयुष्यात एकदाच चुकला."

मी "हो" म्हणालो.